प्रीमियर पद्मिनीच्या बॉडीसाठी घरी बनवायची साधने : फिरता सांगाडा, गंज काढण्याची टाकी आणि पत्राकामाची अवजारे

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधून १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट बाहेर पडू लागली. सत्तरच्या दशकात तिचे नाव आधी प्रीमियर प्रेसिडेंट आणि नंतर प्रीमियर पद्मिनी झाले, आणि थोड्याफार फरकाने हीच गाडी शतक संपेपर्यंत बनत राहिली. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली असली, तरी घरोघरच्या पडव्यांत, वाड्यांत आणि सोसायट्यांच्या कोपऱ्यांत या गाड्या अजून उभ्या आहेत. त्यांचे १०८९ सीसीचे इंजिन जाणता मेकॅनिक सहसा पुन्हा चालू करून देतो, कारण त्याचे सुटे भाग शोधले तर मिळतात. अडते ते बॉडीपाशी. समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी तळपत्रा, दाराखालच्या सिलच्या पेट्या आणि डिकीचा मजला आतून खाल्लेला असतो, आणि हे सारे काम गाडीच्या खालच्या अंगाला असल्यामुळे पाठीवर झोपून, डोळ्यांत गंज झेलत करावे लागते.

अशा कामासाठी घरी कोणती साधने बनवता येतात आणि ती कशी बनवावीत, हे या लेखात सांगितले आहे. वाचकाला आर्क वेल्डिंग आणि ग्राइंडर हाताळता येतो असे गृहीत धरले आहे. ज्यांना येत नाही त्यांनी फिरता सांगाडा, म्हणजे बॉडी दोन्ही टोकांना धरून फिरवणारी लोखंडी चौकट, ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून बनवून घ्यावा, मात्र मापे स्वतः द्यावीत आणि तपासणी स्वतः करावी.

एक गोष्ट आधी नीट ध्यानात घ्यावी. जीपची बॉडी उतरवून ठेवली तरी तिची चासी आपल्या जागी सरळ राहते. पद्मिनीला अशी वेगळी चासी नाही. तळपत्रा, सिल, पिलर आणि छप्पर मिळूनच गाडीचा कणा बनतो, त्यामुळे कुजलेली सिल कापली की गाडीचा कणाच कापला जातो, आणि त्या वेळी बॉडी ज्या स्थितीत असेल त्याच स्थितीत ती नव्या पत्र्याने कायमची जखडली जाते. म्हणून फिरत्या सांगाड्याचे पहिले काम बॉडीची मापे हलू न देणे हे आहे, आणि बॉडी फिरवणे हे दुसरे. पुढची प्रत्येक सूचना याच हिशेबाने दिली आहे.

मापे आणि आतले आधार

सीट, काचा, वायरिंग, पेट्रोलची टाकी, इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन असे सर्व काही उतरवून झाल्यावर रिकामी बॉडी चार भक्कम लोखंडी घोड्यांवर ठेवावी. पेट्रोलची टाकी केवळ रिकामी करून भागत नाही. ती कामाच्या जागेतून बाहेर न्यावी, कारण रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोक्याची असते. बॉडी समतल करण्यासाठी गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी पुरेशी आहे. चार मीटर अंतरावरच्या दोन बिंदूंची उंची ती ज्या अचूकतेने दाखवते, तशी छोटी बुडबुड्याची पातळी कधीच दाखवत नाही.

त्यानंतर तळाचे सहा ते आठ पक्के बिंदू निवडावेत, म्हणजे सस्पेन्शनच्या बोल्टांची भोके, मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर आणि बंपरच्या ब्रॅकेटची भोके. प्रत्येक बिंदूतून ओळंबा सोडून जमिनीवर खूण करावी. जमीन सिमेंटची असेल तर खुणांवर ऑइल पेंटचा ठिपका द्यावा, कारण खडू आठवड्याभरात पुसला जातो आणि हे काम आठवड्याभराचे नाही. या खुणांमधील तिरपी अंतरे मोजून वहीत उतरवावीत. डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या तिरप्या मापांत दोन-तीन मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो. त्याहून जास्त फरक आढळला, तर गाडीला पूर्वी कधी तरी ठोकर बसली असण्याची शक्यता धरावी आणि काही कापण्याआधी ती ओढून सरळ करण्याचा विचार करावा.

जमिनीवर मोजता येत नाहीत अशा अंतरांसाठी मोजपट्टीपेक्षा सरकती दांडी सोयीची पडते. एकात एक सरकणारे ॲल्युमिनियमचे दोन पाइप घेऊन त्यांच्या टोकांना काटकोनात टोकदार खिळे बसवावेत आणि मध्ये फुलपाखरी नट लावावा. एका बाजूच्या दाराच्या चौकटीचे माप दांडीत पकडून ते दुसऱ्या बाजूला लावून पाहिले की आकड्यांची गरजच पडत नाही.

मापे पक्की झाल्यावर आतले आधार बसवावेत. त्यासाठी २५ × २५ मिलिमीटरचा, २ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप पुरतो. प्रत्येक दाराच्या चौकटीत एक उभा-तिरका आधार, दोन्ही बाजूंच्या मधल्या पिलरना जोडणारा एक आडवा, आणि डॅशबोर्डच्या खालून मागच्या सीटच्या पाठीपर्यंत जाणारे दोन तिरके आधार, एवढे किमान हवेत. पातळ पत्र्यावर थेट वेल्डिंग न करता बिजागरी, सीट आणि सीटबेल्ट यांच्या मूळ भोकांत बोल्टने पट्ट्या बसवाव्यात आणि पाइप त्या पट्ट्यांना जोडावेत. आधार चौकटीच्या आतल्या बाजूला ठेवणे फार महत्त्वाचे आहे, कारण सिल बदलताना दार पुन्हा पुन्हा टांगून फट तपासावी लागते. आधार बाहेर आले तर दार बसत नाही, मग माणूस कंटाळून आधार कापतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

इथे कायद्याची एक बाबही नोंदवावी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नोंदणी क्रमांक घेता येतो. त्यासाठी गाडी मूळ स्वरूपात असावी लागते आणि तिची चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला चालत नाही. म्हणून कापण्याआधी प्रत्येक भागाची छायाचित्रे घ्यावीत, चासी नंबर असलेल्या पत्र्याला ग्राइंडर लावू नये, आणि नवा पत्रा मूळ आकारातच बनवावा.

फिरता सांगाडा : उंचीचा हिशेब

सांगाडा म्हणजे पुढे एक आणि मागे एक असे दोन उभे स्टँड. त्यांच्यात बॉडी शिगेवर लावल्यासारखी धरली जाते आणि आपल्याभोवती पूर्ण फिरते. बहुतेक जण इथे थेट पाइप कापायला घेतात. त्याऐवजी आधी कागदावर अक्षाची उंची काढावी.

पद्मिनीची लांबी सुमारे ३.९ मीटर आणि रुंदी सुमारे १.४६ मीटर. रिकाम्या बॉडीची तळापासून छपरापर्यंतची उंची साधारण १.३४ मीटर धरावी. फिरण्याचा अक्ष तळापासून ५० सेंटिमीटर वर आहे असे मानले, तर छपराची कडा अक्षापासून ८४ सेंटिमीटर वर आणि सुमारे ५० सेंटिमीटर बाजूला येते, म्हणजे तिचे थेट अंतर जवळपास ९८ सेंटिमीटर भरते. सिलची कडा ७३ सेंटिमीटर बाजूला आणि ५० सेंटिमीटर खाली असल्यामुळे तिचे अंतर ८८ ते ८९ सेंटिमीटर येते. त्यामुळे खरा अडथळा छपराच्या कडेचा असतो. स्टँडच्या पायथ्यांना जोडणारा मधला दांडा चाकांसह जमिनीपासून सुमारे २५ सेंटिमीटर उंच येतो, आणि छपराची कडा त्याच्या वरून जायला हवी. म्हणून अक्ष किमान १.२५ मीटर आणि सुरक्षिततेसाठी १.३ मीटर उंचीवर ठेवावा. त्या हिशेबाने बॉडीचा सर्वांत वरचा बिंदू २.२८ मीटरपर्यंत जातो. शेडची मोकळी उंची २.४ मीटर तरी हवी आणि ट्यूबलाइट व पंखा मधोमध नको. लांबीत दोन्ही स्टँडांमध्ये सुमारे ४.६ मीटर लागतात, म्हणजे साडेपाच मीटरहून लहान जागेत हा खटाटोप करू नये.

सामान

मुख्य सांगाड्यासाठी ७२ × ७२ मिलिमीटरचा, ४ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप घ्यावा. त्याचे वजन मीटरला सुमारे ८ किलो भरते. त्याच्या आत ६० × ६० चा पाइप सरकतो, प्रत्येक बाजूला दोन मिलिमीटर सैल. पाइपच्या आत वेल्डिंगची एक उंच रेघ असते, ती कानशीने किंवा लांब छिन्नीने काढल्याशिवाय तो सरकणार नाही. दुकानातून निघण्याआधी दोन्ही तुकडे एकमेकांत घालून पाहावेत.

अक्षासाठी गोल पाइप लागतो. आतला ६५ मिलिमीटर नाममात्र व्यासाचा, ज्याचा बाहेरचा व्यास ७६ मिलिमीटर असतो, आणि बाहेरचा ८० मिलिमीटर नाममात्र व्यासाचा, सी वर्गाचा, म्हणजे लाल पट्ट्याचा जाड पाइप, ज्याचा आतला व्यास ७९ मिलिमीटरच्या आसपास येतो. दोहोंत तीन मिलिमीटरची मोकळीक राहते, तिचा बंदोबस्त पुढे सांगितला आहे. गोल पाइप काळाच घ्यावा. जस्त चढवलेल्या पाइपवर वेल्डिंग करताना निघणारा पांढरा धूर ताप आणतो.

चाके १५० मिलिमीटर व्यासाची, प्रत्येकी २०० किलोहून अधिक भार पेलणारी, आणि त्यांतली दोन तरी ब्रेकची असावीत. रिकाम्या बॉडीचे वजन हिशेबासाठी २५० किलो धरावे आणि सांगाड्याचे सव्वाशे किलो. पुण्यात भवानी पेठ आणि भोसरी, कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर, मुंबईत कुर्ला या भागांत पाइप, प्लेट कापून देणारे आणि लेथवाले एकाच फेरीत सापडतात.

सांगाड्याची जोडणी

प्रत्येक स्टँडचा पायथा इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराचा करावा. आडवा पाइप दीड मीटरचा, म्हणजे बॉडीच्या रुंदीएवढा, आणि त्याच्या मध्यातून आतल्या बाजूला जाणारा पाऊण मीटरचा. सांध्यावर उभा खांब आणि त्याला दोन बाजूंनी तिरके टेकू द्यावेत. खांबाच्या माथ्यावर ८० चा गोल पाइप, २५० मिलिमीटर लांबीचा, आडवा झाळावा. आधी सर्व सांध्यांना फक्त टाके मारावेत, गुण्या लावून काटकोन आणि तिरपी मापे तपासावीत, आणि मगच समोरासमोरच्या बाजूंनी आळीपाळीने पूर्ण वेल्डिंग करावे. ४ मिलिमीटरच्या पाइपला ३.१५ मिलिमीटरची सळी आणि १०० ते १२० अँपिअर योग्य पडतात. एकाच बाजूने सलग रेघ ओढली तर खांब त्या बाजूला झुकतो, आणि झुकलेला खांब पुन्हा सरळ करणे नवा बनवण्यापेक्षा अवघड असते.

तीन मिलिमीटरची मोकळीक घालवण्यासाठी बाहेरच्या गोल पाइपच्या दोन्ही टोकांजवळ चार-चार भोके पाडून त्यांवर एम १२ चे नट झाळावेत. त्यांतून बोल्ट आत घेऊन आतला पाइप मधोमध आणता येतो, हवा तितका घट्ट करता येतो, आणि बोल्टांच्या टोकांना ग्रीस लावले की तो अलगद फिरतो. आतला पाइप मागे निसटू नये म्हणून त्याच्या शेवटी मोठी गोल चकती बोल्टने बसवावी.

अडकवण्यासाठी १० मिलिमीटर जाडीच्या, ३०० मिलिमीटर व्यासाच्या दोन चकत्या कापून घ्याव्यात. त्यांवर २५० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळात १५ अंशांच्या अंतराने १७ मिलिमीटरची २४ भोके लागतात. दोन भोकांमध्ये सुमारे ३३ मिलिमीटर अंतर पडते. या दोन्ही चकत्या एकावर एक ठेवून, टाके मारून, एकत्रच भोके पाडावीत. बॉडी दोन्ही टोकांना एकाच कोनात अडकली पाहिजे. पुढे ४५ अंश आणि मागे ४४ अंश झाले, तर तो एक अंश गंजलेल्या तळपत्र्याला पिळतो. याच कारणाने एकाच टोकाला खीळ घालून काम करणे टाळावे, कारण मग दुसऱ्या टोकाचा सारा भार बॉडीतून पिळासारखा पुढे जातो. चकती आतल्या फिरत्या पाइपला झाळावी, आणि खांबावर जाड पट्टीचा कान काढून त्यातून १६ मिलिमीटरची खीळ आरपार जाईल असे करावे.

चकतीच्या पुढे ७२ चा अर्ध्या मीटरचा उभा तुकडा झाळावा, त्यात ६० चा पाइप वर-खाली सरकेल आणि दोन बोल्टांनी आवळला जाईल. या सरकत्या पाइपच्या खालच्या टोकाला आडवा दांडा, आणि दांड्यावर बॉडीला जोडणारे दोन हात. बॉडी कुठे धरायची हे तिच्या गंजावर ठरते. पुढे बंपरच्या ब्रॅकेटची भोके बहुधा शाबूत असतात. मागे मात्र डिकीचा मजला कुजलेला असेल तर बंपरच्या भोकांवर भरवसा ठेवू नये आणि हात पाट्यांच्या हँगरपर्यंत लांबवावेत. शंका असेल तेथे हातोडीचे टोक दाबून पाहावे. पत्रा आत गेला तर ती जागा भार पेलणार नाही.

शेवटी दोन्ही पायथ्यांना जोडणारा मधला दांडा येतो. तोही ७२ आणि ६० च्या पाइपचा, सरकता करावा, म्हणजे पुढेमागे दुसऱ्या गाडीला सांगाडा वापरता येईल. याची खरी परीक्षा दोऱ्याने घ्यायची. दोन्ही गोल पाइपांच्या दोन्ही तोंडांना पुठ्ठ्याच्या चकत्या बसवून त्यांच्या केंद्रात बारीक भोक पाडावे आणि पुढच्या पाइपपासून मागच्या पाइपपर्यंत दोरा ताणावा. दोरा चारही पुठ्ठ्यांच्या भोकांना न घासता गेला तर दोन्ही अक्ष एका रेषेत आहेत. घासत असेल तर चाकांखाली पत्र्याच्या पट्ट्या देऊन किंवा पायथा सरकवून तो दोष काढावा. हे केले नाही तर प्रत्येक फेरीत बॉडी थोडी वाकते आणि थोडी सरळ होते, आणि आपण मात्र दाराची फट रोज वेगळी का येते याचा विचार करत बसतो.

बॉडी चढवण्याआधी सांगाड्याची भार-चाचणी घ्यावी. दोन्ही अक्षांमध्ये जाड पाइप बसवून त्याच्या टोकांजवळ सिमेंटच्या पाच-पाच गोण्या, म्हणजे एकूण ५०० किलो टांगाव्यात आणि रात्रभर तशाच ठेवाव्यात. सकाळी सांध्यांवर भेगा, खांबाचा झुकाव आणि चाकांचे बोल्ट पाहावेत.

बॉडी चढवणे आणि तोल साधणे

चेन ब्लॉक असल्यास उत्तम. नसेल तर जॅक आणि लाकडी ठोकळे यांनी चार-चार इंच उचलत जावे. दोन्ही बाजूंचे हात बोल्टने जोडून झाले की खिळी घालाव्यात आणि मगच खालचे ठोकळे काढावेत.

आता तोल. बॉडीचा गुरुत्वमध्य अक्षावर आला तर एक माणूस तिला हाताने फिरवू शकतो. तो अक्षापासून १० सेंटिमीटर बाजूला असेल, तर २५० किलोची बॉडी आडवी करताना एक मीटर लांबीच्या दांडीच्या टोकाला २५ किलोचा जोर लावावा लागतो. पाच सेंटिमीटर असेल तर साडेबारा किलो. खीळ काढल्यावर हाच जोर उलट दिशेने अंगावर येतो, म्हणून पहिली चाचणी दोन माणसांनी, बॉडीला लांब दांड्या जोडून घ्यावी. खिळी काढून बॉडी केवळ पाच-दहा अंश कलवावी आणि हात सैल करून पाहावे. ती वेगाने परत सरळ झाली तर गुरुत्वमध्य अक्षाच्या फार खाली आहे, आणि सरकते पाइप थोडे वर घ्यावेत. ती आणखी कलू लागली तर गुरुत्वमध्य अक्षाच्या वर आहे. ही धोक्याची स्थिती असून, पाइप खाली सोडल्याशिवाय पुढे जाऊ नये. हळूहळू, आळसावल्यासारखी परत येणारी बॉडी उत्तम. दर वेळी पाइप सरकवताना बॉडीचा भार ठोकळ्यांवर घ्यावा आणि दोन्ही टोकांना सारखेच सरकवावे.

पुढे जड तळपत्रा कापला किंवा नवा बसवला की तोल बदलतो, त्यामुळे दर मोठ्या कामानंतर ही चाचणी पुन्हा घ्यावी. दोन्ही खिळी आणि चाकांचे ब्रेक लागल्याशिवाय बॉडीखाली कोणीही डोके घालू नये. घरी लहान मुले असतील तर खिळींना कुलूप लावण्यासाठी टोकाला भोक ठेवावे.

पत्राकामाची अवजारे

नवा पत्रा बहुतेक ठिकाणी २० गेजचा, म्हणजे सुमारे ०.९ मिलिमीटरचा जुळतो, तरी मूळ पत्र्याचा गंज नसलेला तुकडा मायक्रोमीटरने मोजूनच खरेदी करावी. दुकानात सीआर, म्हणजे थंड लाटलेला पत्रा मागावा, आणि गोलाई द्यायची असेल तर ‘डीडी’, म्हणजे खोल आकार घेणाऱ्या दर्जाचा. साधा कठीण पत्रा ठोकताना कडेला फाटतो.

सिलच्या घड्या घालण्यासाठी ६०० मिलिमीटरचे घडी-यंत्र सहज बनते. ५० × ५० × ६ चे तीन अँगल घ्यावेत. एक टेबलाला पक्का, दुसरा वरून पत्रा दाबणारा, तिसरा पुढे बिजागरीवर फिरणारा. या यंत्राची सारी मेख बिजागरीत आहे. बिजागरीच्या खिळ्याचा मध्य पत्रा जिथे मुडपतो त्याच कडेच्या रेषेत यावा लागतो, म्हणून दोन्ही अँगलच्या टोकांना खाचा कापून बिजागऱ्या आत बुडवाव्यात. त्या केवळ वरून झाळल्या तर घडी गोलसर येते आणि सिलची धार मूळ गाडीसारखी दिसत नाही.

गोलाईच्या भागांसाठी वाळूची पिशवी आणि लाकडी ओंडका एवढे पुरे. जाड चामड्याची किंवा दुहेरी कॅनव्हासची, सुमारे ४० सेंटिमीटरची पिशवी शिवून घेऊन तिच्यात धुऊन वाळवलेली बारीक वाळू दोन-तृतीयांश भरावी. ठासून भरली तर पत्रा बसत नाही, उडतो. चिंचेचा जाड ओंडका मिळाला तर त्याच्या माथ्यावर २० सेंटिमीटर व्यासाची उथळ वाटी कोरावी. खाटीक ज्या ओंडक्यावर काम करतो तोच हा, आणि वर्षानुवर्षे ठोके खाऊनही तो फुटत नाही.

पत्र्यावर थापटण्यासाठी ट्रकच्या जुन्या पाट्याचा तुकडा उत्तम. तो लाल तापवून मूठ वाकवावी, राखेत पुरून हळूहळू थंड करावा, कडा गोल कराव्यात आणि तोंड ४०० नंबरच्या कागदापर्यंत घासून चकचकीत करावे, कारण त्यावरचा प्रत्येक ओरखडा पत्र्यावर उमटतो. खाली धरायच्या ऐरणीसाठी अनेक जण रेल्वे रुळाचा तुकडा सुचवतात. रेल्वेची मालमत्ता विनापरवाना बाळगणे हा १९६६ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे, तेव्हा पावतीशिवाय असा तुकडा घेऊ नये. लेथवाल्याकडचा जाड सळईचा तुकडा घासून गोल केला तरी काम भागते.

पत्रा जोडताना आर्क वेल्डिंग वापरू नये, ते भोके पाडते. ०.८ मिलिमीटरच्या तारेचे मिग, म्हणजे तार आपोआप पुढे सरकवणारे वेल्डिंग मशीन भाड्याने मिळाले तरी चालेल. २५ मिलिमीटरच्या अंतराने टाके, तेही एकापाठोपाठ एक न देता लांब लांब, आणि मध्ये हात लावता येईल इतके थंड होऊ देऊन द्यावेत.

गंज काढण्याची टाकी

ब्रॅकेट, बिजागऱ्या, बॉनेटचे कुलूप अशा लहान भागांसाठी विजेवर चालणारी टाकी फार उपयोगी आहे. निळे प्लास्टिकचे २०० लिटरचे पिंप उभे कापून त्याचा अर्धा भाग आडवा ठेवावा. पाण्यात लिटरला ८ ते १० ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवावा. मीठ मुळीच घालू नये, त्यातून क्लोरीन वायू निघतो. बाजूंनी लोखंडी सळ्या उभ्या करून त्या सर्व तांब्याच्या तारेने जोडाव्यात आणि बॅटरी चार्जरच्या धन टोकाला लावाव्यात. गंजलेला भाग मध्ये लोंबकळत ठेवून ऋण टोकाला लावावा. टोकांची अदलाबदल झाली तर गंजाऐवजी आपला भागच खाल्ला जातो. सळ्यांच्या जागी स्टेनलेस स्टील वापरण्याचा सल्ला अनेक ठिकाणी मिळतो, तो ऐकू नये, कारण त्यातून क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात.

१२ व्होल्ट आणि ५ ते १० अँपिअर पुरतात. दहा तासांत साधारण एक-सव्वा युनिट वीज जाते. हल्लीचे स्वयंचलित चार्जर बॅटरी जाणवल्याशिवाय सुरू होत नाहीत, त्यामुळे जुन्या पद्धतीचा चार्जर शोधावा. गंज सळीच्या समोरच्या बाजूने आधी निघतो, म्हणून भाग मधून मधून फिरवावा. पाण्यातून हायड्रोजन निघत असतो, तेव्हा टाकी उघड्यावर ठेवावी, जवळ ग्राइंडर चालवू नये, आणि चिमटे काढण्याआधी वीज बंद करावी. ॲल्युमिनियम, जस्ताच्या ओतीव मुठी आणि स्प्रिंगचे पोलाद यात घालू नये. पहिली दोन विरघळतात आणि तिसरे हायड्रोजन शोषून ठिसूळ होते.

बाहेर काढलेला भाग काळपट दिसतो. तो घासून, धुऊन, गरम हवेने लगेच सुकवावा आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारावा. कोकणात पावसाळ्यात तर धुतलेला पत्रा डोळ्यांदेखत तांबूस होतो.

संपूर्ण बॉडी वाळूच्या झोताने साफ करण्याचे यंत्र घरी बनवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. साध्या वाळूची धूळ फुप्फुसे निकामी करते, आणि नवख्या हाताच्या झोताने सपाट पत्रा फुगून वाकतो.

रंगाचा तंबू

प्रायमरसाठी २५ मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचा सहा मीटर लांबीचा सांगाडा आणि त्यावर जाड प्लास्टिक पुरेसे आहे. पंखा हवा बाहेर खेचणारा न ठेवता गाळणीतून आत ढकलणारा ठेवावा, म्हणजे मोटार स्वच्छ हवेत राहते आणि थिनरच्या वाफेला ठिणगी मिळत नाही. समोरच्या बाजूला वाफ बाहेर जाण्यासाठी तेवढीच मोठी गाळणी लावावी. जमीन ओली करावी. हार्डनर मिसळलेल्या टू-के रंगातील आयसोसायनेट हे विषारी रसायन साध्या मास्कने अडत नाही, त्याला बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. तो नसेल तर शेवटचा रंग व्यावसायिक बूथमध्येच द्यावा. जून ते सप्टेंबर या काळात तर तंबू उभारूच नये.

बॉडी उतरवताना

तळाचे काम, सांधे बुजवणारा सीम सीलर आणि खालचा संरक्षक थर पूर्ण झाल्यावर बॉडी सरळ करून खिळी घालाव्यात, घोड्या जमिनीवरील जुन्या खुणांच्या हिशेबाने लावाव्यात आणि भार त्यांच्यावर घ्यावा. हात सोडवल्यानंतर पाण्याच्या नळीने समतल करून ओळंबा पुन्हा त्याच भोकांतून सोडावा आणि खुणांवरचा फरक वहीतल्या आकड्यांशी ताडून पाहावा. चारही दारे टांगून फटी तपासाव्यात, बॉनेट आणि डिकी बसवून पाहावी. सर्व काही जुळले तरच आतले आधार सोडावेत, तेही एकेक करून, आणि प्रत्येक आधार सुटल्यावर त्या बाजूचे दार पुन्हा उघडून आणि लावून पाहावे.